एल्लेनबोगाचें सोनारांस सूचनापत्र आणि आपल्या पोथ्यांवरील हरताळ

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस हरताळाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. लेखकाचा हात चुकला, एखादें अक्षर अधिक पडलें किंवा ओळ दोनदां उतरली, म्हणजे तो त्या जागीं हरताळाचा पिवळा लेप देई, आणि लेप वाळल्यावर त्यावरच शुद्ध पाठ लिही. 'हरताळ फासणें' हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार याच लेखणीच्या धंद्यांतून आलेला आहे. बाजार बंद ठेवण्याचा जो हरताळ, तो शब्द निराळा. संस्कृतांतील हरिताल तोच हा. ज्या मूलद्रव्यापासून सोमल होतो त्याच आर्सेनिकाचा गंधकाशीं झालेला हा संयोग आहे. ही शेवटची गोष्ट मात्र, हरताळाखालील पाठ वाचूं पाहणाऱ्यांपैकीं किती जणांच्या ध्यानांत असते, याविषयीं मला शंका आहे. माझ्या तरी ती नव्हती.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, मी नुकताच शाळेंत लागलों होतों तेव्हां, एका गृहस्थांच्या खासगी संग्रहांतील एका काव्यटीकेची पोथी पाहण्याचा योग आला. तींत एके ठिकाणीं चार ओळींवर दाट हरताळ होता. शोधलेल्या पाठापेक्षां खोडलेला पाठ कधीं कधीं अधिक मोलाचा ठरतो, हें पाठचिकित्सा शिकलेल्यास सांगावयास नको. मीं मालकांस न विचारतां चाकूच्या पात्यानें लेप हळूहळू खरवडला, धूळ फुंकून उडविली, बोटास थुंकी लावून राहिलेला डाग पुसला, आणि तेंच बोट पुन्हां तोंडास लावून पुढलीं पानें उलटलीं. खालचा पाठ मिळाला; तो वरच्याहून अशुद्ध होता. पोथीस इजा झाली ती झालीच. त्या रात्रीं घसा जळूं लागला, उलट्या झाल्या, आणि दोन दिवस अंथरूण सोडवलें नाहीं. डॉक्टरांनीं काय खाल्लें तें विचारलें. काय काम केलें तें विचारलें नाहीं, आणि मलाही तें सांगण्याचें सुचलें नाहीं. हरताळामुळेंच तें झालें असें मी शपथेवर सांगणार नाहीं. पुढल्या आठवड्यांत त्या संग्रहाची व्यवस्था पाहणाऱ्या वृद्ध कारकुनास ही हकीकत सांगितली, तेव्हां तो सहज म्हणाला, "अहो मास्तर, हरताळावर कोणी फुंकर मारतें काय? आमच्या घरांत लहान पोराला देखील ठाऊक आहे." त्याच्या घराण्यांत पूर्वीं पोथ्या लिहिण्याचा व्यवसाय होता.

एका घरांतील लहान पोरास जी गोष्ट ठाऊक, ती दुसऱ्या घरांतील पदवीधरास ठाऊक नाहीं; कारण ती कोणीं लिहून ठेवली नव्हती, आणि लिहिली असती तरी घराबाहेर गेली असती असें नाहीं. धंद्यांतील धोक्याचें ज्ञान त्या धंद्यांतल्या माणसांत कसें फिरतें आणि कोठें अडतें, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत आहे. त्याचा शोध घेत असतां जर्मनींतील एका लहानशा चोपड्याची माहिती हातीं आली. तें सोनारांसाठीं लिहिलेलें आहे, आणि युरोपांत कारागिरांच्या विषबाधेवर म्हणून लिहिलेलें पहिलें स्वतंत्र लेखन तेंच, असें या विषयाचे अभ्यासक मानतात. त्याची कथा मुख्यतः एका हस्तलिखिताची कथा आहे, म्हणून ती येथें देणें अप्रस्तुत होणार नाहीं.

या चोपड्याचा कर्ता उल्रिख एल्लेनबोग हा वैद्य. त्याचा जन्म इ. स. १४३५ च्या सुमारास हल्लीं ऑस्ट्रियांत मोडणाऱ्या फेल्डकिर्ख गांवीं झाला, आणि १४९९ त तो मेमिंगेन येथें वारला. आउग्सबुर्ग हें त्या काळीं दक्षिण जर्मनींतील सराफी व सोनारकामाचें मोठें केंद्र होतें. १४७३ त एल्लेनबोगानें तेथील सोनारांकरितां धातूंच्या विषारी वाफा व धूर यांविषयीं एक टिपण लिहिलें. आउग्सबुर्गांत १४६८ पासून ग्युंटर त्साइनर याचा छापखाना चालू होता, म्हणजे मुद्रणकला त्या सोनारांच्या आळीपासून फार दूर नव्हती. असें असूनही हें टिपण छापलें गेलें तें सुमारें १५२४ त, मेल्खिओर रामिंगर या मुद्रकाच्या हातून. तोंपर्यंत कर्ता मरून पंचवीस वर्षें झालीं होतीं आणि लिहिण्यास पन्नास. ज्या सोनारास १४७३ त कामास लागलेला पोरगा म्हणावें, तो चोपडें छापून आलें तेव्हां, जिवंत असलाच तर, म्हातारा झालेला होता. छापील चोपड्याचीं पृष्ठें अवघीं सात. तेंही पुढें विस्मृतींत गेलें. १९२७ त म्यूनिक येथें कोएल्श व त्सोप्फ्ल या दोघांनीं त्याची जशीच्या तशी प्रतिकृति काढली, आणि १९३२ त 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत त्याचें भाषांतर आलें. आज त्याविषयीं जें बोललें जातें तें बहुतेक या दोन पुनरुज्जीवनांच्या आधारें.

आंतील मजकूर समजण्यास आपल्याकडील सोनाराचें दुकान डोळ्यांपुढें आणावें. बागेसरींत कोळसे फुललेले आहेत आणि कारागीर फुंकणी घेऊन तिच्यावर वांकला आहे. सोन्यांतील चांदी काढावयाची तर तेजाब हवा, आणि हीण चांदी शुद्ध करावयाची तर तींत शिसें घालून आटवावें लागतें. मुलामा द्यावयाचा असेल तर सोनें पाऱ्यांत विरवून तो लगदा तांब्याच्या किंवा चांदीच्या भांड्यावर फांसतात आणि विस्तवावर धरतात. पारा उडून जातो, सोनें राहतें. उडालेला पारा जातो कोठें, हा प्रश्न गिऱ्हाइकास पडत नाहीं. एल्लेनबोगानें नेमक्या याच चौघांची नांवें घेतलीं आहेत: कोळशाची वाफ, तेजाबाची वाफ, शिशाची व पाऱ्याची. शिशाविषयीं तो सांगतो कीं, तें शीत विष आहे, त्यानें छाती जड व आवळल्यासारखी होते, हातपाय भारावतात आणि पुष्कळदां लुळे पडतात. जेथें मोठ्या राशी वितळवतात त्या भट्ट्यांवरील माणसांत हें दिसून येतें. आयुर्वेद वाचलेल्यास ही शीत-उष्णाची भाषा परकी वाटणार नाहीं. उपपत्ति आज टिकणार नाहीं, परंतु निरीक्षण खरें आहे. शिशानें मनगट लुळें पडतें हें आजचे डॉक्टरही सांगतात.

उपाय तर याहून साधे. कोळसा पेटवावयाचा तो बंद खोलींत नव्हे, खिडक्या उघड्या ठेवून. वाफेवर वांकावयाचें नाहीं, तोंड फिरवावयाचें. तोंडावर फडकें बांधावयाचें. याशिवाय त्यानें त्या काळच्या वैद्यकांतील कांहीं औषधें सांगितलीं आहेत. त्यांस आज कोणी विचारणार नाहीं. मला स्वतःला या सात पानांत महत्त्वाचें वाटतें तें असें कीं, विद्यापीठांत शिकलेल्या या वैद्यानें तीं लॅटिनांत लिहिलीं नाहींत. त्या काळीं वैद्यानें वैद्यासाठीं लिहावयाचें तर लॅटिन ही ठरलेली भाषा होती. एल्लेनबोगानें सोनाराची जर्मन भाषा घेतली. वाचणारा रोगी व्हावयाचा आहे, रोग बरा करणारा नव्हे, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

यानंतरच्या दोन मोठ्या ग्रंथांशीं ताडून पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. गेओर्ग आग्रिकोला हा योआखिम्स्थाल या खाणींच्या गांवीं वैद्य होता. त्याचा धातुविद्येवरील लॅटिन महाग्रंथ 'दे रे मेटालिका' बाझेल येथें १५५६ त, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, प्रसिद्ध झाला. लांकडी ठशांचीं चित्रें तयार होण्यास वेळ लागल्यानें छपाई रखडली होती, आणि तीं चित्रें पाहतां ती दिरंगाई क्षम्य वाटते. सहाव्या भागाच्या शेवटीं त्यानें खाणकऱ्यांच्या व्याधि सांगितल्या आहेत. पाण्यांत काम करणाऱ्यांनीं उंच कातडी जोडे घालावे, हातांत कोपरापर्यंत मोजे असावे, धुळीपासून रक्षणासाठीं तोंडावर सैल जाळी घ्यावी, असें त्यांत आहे. कार्पेथियन पर्वतांतील खाणींकडे सात सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात, कारण प्रत्येकास ती धूळ खाऊन टाकते, हें त्याचें प्रसिद्ध विधान याच जागचें. पुढल्याच वर्षीं, १५५७ त, याचें जर्मन भाषांतर निघालें; परंतु असा भला थोरला ग्रंथ खाणमालक विकत घेई, पहार मारणारा नव्हे. पारासेल्सस याचा खाणकऱ्यांच्या रोगावरील ग्रंथ त्याच्या मरणानंतर सव्वीस वर्षांनीं, १५६७ त, छापला गेला. त्याची हकीकत येथें वाढवीत नाहीं.

दुसरा ग्रंथ बेर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याचा, कारागिरांच्या रोगांविषयींचा. त्याची पहिली आवृत्ति मोदेना येथें १७०० त व वाढविलेली पादुआ येथें १७१३ त निघाली. वैद्य रोग्यास जे प्रश्न विचारतो त्यांत आणखी एक घालावा, 'तुझा धंदा कोणता', असें यानें लिहून ठेवलें. माझ्या डॉक्टरांस तो प्रश्न कोणी शिकविला असता तर! मुलामा देणाऱ्यांवर त्याचें एक प्रकरण आहे. आणि आपल्या वाचकांस विशेष गोडी वाटेल असें एक प्रकरण लेखक व कारकून यांवर आहे. सतत बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊं नये म्हणून मनास लागलेला ताण, या तीन कारणांनीं लेखकवर्ग झिजतो, असें त्याचें म्हणणें. पोथीच्या शेवटीं 'पाठ मोडला, मान मोडली' अशा अर्थाचीं वचनें लिहिणारे आपले लेखक त्यास एका वाक्यांत पटले असते. पण हा ग्रंथही लॅटिनच. तो वैद्याच्या हातांत गेला, कारागिराच्या नव्हे.

आपल्याकडे पारा, गंधक, हरताळ, मनशीळ यांचें ज्ञान थोडें होतें असें कोणी म्हणूं नये. पुण्याच्या आनंदाश्रमानें छापलेला 'रसरत्नसमुच्चय' उघडावा. त्यांत रसशाळेची रचना दिली आहे: अग्निकर्म आग्नेयेस, धुण्याचें काम पश्चिमेस, वाळवण वायव्येस, तयार झालेली वस्तु ईशान्येस. विस्तव, पाणी आणि सिद्ध माल यांची जागा निरनिराळी ठेवण्याची ही दृष्टि कोणत्याही कारखानदारास मान्य व्हावी. हरताळाचें शोधन कोहळ्याच्या रसांत, चुन्याच्या निवळींत करावें, हें रसवैद्यांस परिचित आहे. परंतु शोधनाची सारी काळजी औषध खाणाऱ्याची आहे. भट्टीजवळ बसणारा शिष्य. त्याचें रक्षण गुरूच्या तोंडच्या शब्दावर. त्यांतच ही विद्या कडेकोट गुप्त राखावी, अनधिकाऱ्यास सांगूं नये, असा या शास्त्राचा दंडक. त्या गुप्ततेचीं कारणें होतीं, आणि त्यांची टवाळी करण्याचा माझा हेतु नाहीं. तथापि कृति गुप्त राखली म्हणजे तिच्यांतील धोकाही गुप्त राहतो, आणि धोका जाणण्याचा अधिकार तर सर्वांचाच आहे. त्या कारकुनाच्या घरांतही हेंच झालें. हरताळ घोटण्याची रीत घराची मिरास होती. तिच्याबरोबर 'फुंकर मारूं नये' हें वाक्यही मिरास होऊन बसलें.

आतां हा विषय आपल्या संग्रहांच्या दारांत कसा आला आहे तें सांगतों. डेन्मार्कमधील ओडेन्स येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांत सोळाव्या व सतराव्या शतकांतील तीन छापील पुस्तकें होतीं. त्यांच्या पुठ्ठ्यांस जुन्या हस्तलिखितांचे तुकडे वापरलेले होते, पण वर हिरव्या रंगाचा थर असल्यामुळें अक्षर वाचतां येईना. तें वाचण्यासाठीं क्ष-किरणांचा प्रयोग केला, तेव्हां तो हिरवा रंग आर्सेनिकाचा निघाला. ही गोष्ट २०१८ त प्रसिद्ध झाली. किडीपासून रक्षण व्हावें म्हणून मागाहून कोणीं तो फांसला असावा, असा तेथील संशोधकांचा तर्क आहे. लेपाखालचा पाठ वाचावयास जावें आणि लेपच विष निघावा! ही हकीकत वाचली त्या दिवशीं मला माझा चाकू आठवला.

पुढील वर्षीं, २०१९ त, अमेरिकेंतील डेलावेअर संस्थानांत विंटरथर संग्रहालयाच्या पुस्तकसंरक्षक मेलिसा टेडोन यांच्या हातीं घरसजावटीवरील एक इंग्रजी पुस्तक आलें. तें १८५७ चें, कापडी बांधणीचें, भडक हिरवें. काम करतांना रंगाचे कण सुटूं लागले. तपासणींत तो रंग जर्मनींत १८१४ पासून श्वाइनफुर्ट येथें बनूं लागलेला, तांबें व आर्सेनिक यांच्या संयोगाचा, असा ठरला. एकोणिसाव्या शतकांत हा रंग भिंतींच्या कागदांस, कापडास, खोट्या फुलांस सर्रास लावीत. पुस्तकांच्या कापडासही लावला जात असे, हें तेव्हां स्पष्ट झालें. यापुढें त्या मंडळींनीं जें केलें तें मला एल्लेनबोगाच्या सात पानांच्या जातीचें वाटतें. विद्वत्पत्रांत निबंध लिहिले तर लिहिलेच; पण त्याबरोबर पुस्तकांत घालावयाची एक खूणपट्टी छापली. तिच्यावर त्या हिरव्या रंगाचा नमुना, म्हणजे संशयित पुस्तकाशेजारीं धरून रंग ताडतां यावा. आणि अशीं पुस्तकें कशीं हाताळावीं व ठेवावीं याच्या थोडक्या सूचना. ती पट्टी अमेरिकेंतील व परदेशांतील ग्रंथपालांस टपालानें पाठविली. ज्याच्या टेबलावर क्ष-किरणांचें यंत्र नाहीं, अशा लहान ग्रंथालयांतील माणसाच्या हातांतही ती पडूं शकते. सूचना अशा: हातमोजे घालावे, काम चालू असतां खाऊं-पिऊं नये, नंतर हात धुवावे, टेबल ओल्या फडक्यानें पुसावें, आणि पुस्तक बंद प्लास्टिकच्या पिशवींत ठेवावें. पारिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २०२४ त चार संशयित पुस्तकें वाचकांच्या हातांतून काढून बाजूस ठेवलीं, तें याच कामावरून सावध होऊन.

हें वाचून एखादा संग्राहक म्हणेल, "मी उभा जन्म हरताळ लावलेल्या पोथ्या चाळतों आहें, मला कांहीं झालें नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नाहीं. हरताळ पाण्यांत फारसा विरत नाहीं. सोमलाच्या मानानें तो सौम्य. आणि दोन-चार अक्षरांवरील घट्ट लेप कोणाचा जीव घेत नाहीं. परंतु तोच लेप उजेडांत राहिला तर त्याचें हळूहळू सोमलांत रूपांतर होतें. तो सुटा होऊन भुकटी झाली, ती श्वासांत गेली, किंवा ओल्या बोटानें तोंडांत गेली, म्हणजे हिशेब निराळा होतो. कांहीं पोथ्यांत तर किडीच्या भयानें कागदच हरताळानें पिवळा केलेला असतो. दंड व अध्यायसमाप्ति तांबड्या रंगानें लिहिण्याची चाल आपल्या परिचयाची आहे. तो तांबडा केव्हां निरुपद्रवी गेरू असतो, केव्हां पाऱ्याचा हिंगूळ, आणि नुसत्या डोळ्यांस फरक कळेलच असें नाहीं.

या विषयावर मीं मराठींत अर्ध्या फुलस्केप कागदाचें एक टाचण केलें आणि कांहीं संग्राहक मित्रांस पाठविलें. त्यांत इतकेंच आहे: पान उलटतांना बोट तोंडास लावूं नये, हरताळ खरवडूं नये आणि त्यावर फुंकर मारूं नये, हरताळाचीं पानें उन्हांत वाळत घालूं नयेत, पोथी सोडतांना रुमालाची धूळ घरांत न झटकतां ओल्या फडक्यानें टिपावी, काम संपल्यावर हात धुवून मगच चहा घ्यावा, लेपाखालचा पाठ हवा असेल तर उजेड पानाच्या मागून धरून पाहावा, किंवा छायाचित्रकाराची मदत घ्यावी. या शेवटच्या कलमानें पोथीही वांचते.

टाचणावर एका वयोवृद्ध मित्रांचें उत्तर आलें. त्यांचा आक्षेप मला वजनदार वाटला. ते लिहितात कीं, पोथींत विष आहे ही वार्ता घरोघर गेली तर आमच्या पश्चात् मुलें-सुना सबंध दप्तर नदींत सोडतील. आजवर अज्ञानानें गेलें तें थोडें आहे काय, तर आतां ज्ञानानेंही जाईल. पोथ्या नदींत सोडण्याची रूढि ज्यानें पाहिली आहे त्यास हें भय पोकळ म्हणवणार नाहीं, आणि कांहीं दिवस मीं टाचण पाठविणें थांबविलें होतें. परंतु पारिसच्या ग्रंथालयानें तीं चार पुस्तकें नष्ट केलीं नाहींत, वेगळीं ठेवलीं. म्हणून टाचणाच्या माथ्यावर मीं आतां ठळक अक्षरांत एक ओळ घातली आहे कीं, हरताळामुळें कोणतीही पोथी टाकाऊ होत नाहीं, पाण्यांत सोडलेला हरताळ पाण्यासही चांगला नव्हे, आणि ज्यास पोथी घरांत नको असेल त्यानें ती जवळच्या संशोधनसंस्थेस द्यावी. मित्रांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं टाचण मात्र परत पाठविलें नाहीं. तें त्यांच्या कपाटाच्या दाराला आंतून डकविलेलें मीं गेल्या दिवाळींत पाहिलें.

एक विनंति करून लेख पुरा करतों. लेखक, शाईकार, सोनार, तांबट, कासार, रंगारी, शोभेची दारू करणारे, यांच्या घराण्यांतून कृतींचीं टिपणें मोडींत किंवा बाळबोधींत असतात. मुख्य कृति वाचून आपण तीं बाजूस ठेवतों. अशा कागदांच्या समासांत, शेवटच्या कोऱ्या पानावर, किंवा हिशेबाच्या ओळींत 'तोंड बांधोन करणें', 'घरांत न करणें', 'हात धुणें' अशा तऱ्हेचा एखादा शब्द कोणास आढळल्यास, त्यानें त्या कागदाची नक्कल, तो कोठें आहे, आणि त्यावर मिती असल्यास ती, एवढें मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. टाचणाची प्रत ज्यांस हवी असेल त्यांनीं टपालाचें तिकीट पाठविण्याची गरज नाहीं.